आठ दहाची चिठ्ठी

रुग्णालयाच्या तळघरात, चादरींच्या खोलीला लागून, एक लांबट खोली होती. एका बाजूने धुतलेल्या चादरींचा वास, दुसऱ्या बाजूने सर्व्हरची घरघर, आणि मधोमध एका खुर्चीत एक बाई. सगळं रुग्णालय तिला दुभाषीबाई म्हणायचं. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं. तिची काही तक्रारही नव्हती. याहून वाईट नावं पडलेली माणसं वरच्या मजल्यांवर बरीच होती.

नाव पडलं ते असं. सोळा वर्षांपूर्वी बाहेरच्या एका कंपनीने रुग्णालयात चिठ्ठ्या छापायचं काम संगणकावर आणलं. कुठल्या खाटेवरच्या रुग्णाला कोणतं औषध, किती, किती वाजता, याची छोटी चिकटचिठ्ठी वॉर्डातल्या यंत्रातून निघायची आणि सिस्टर ती सिरिंजवर चिकटवायच्या. पहिल्याच सकाळी लहान मुलांच्या वॉर्डात निघालेल्या चिठ्ठ्यांवर छापलं होतं: खाट-वस्तू ७फ३अ०९. औषध-वस्तू ७फ३ब४२. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी हे कुठलं नवीन औषध म्हणून विचारणा केली, अशी वदंता आहे. आपली बाई तेव्हा प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या लावायचं काम सोडून नुकतीच संगणक विभागात आली होती. वयाच्या एकतिसाव्या वर्षी प्रोग्राम लिहायला शिकली म्हणून लोक तिच्याकडे जरा गमतीनेच बघत. तिने कंपनीच्या लोकांना बैठकीत उभं केलं.

"तुम्ही खाटेची, औषधाची, वेळेची, सगळ्यांची यंत्रात एकेक वस्तू बनवली," ती म्हणाली. "त्यांच्या पोटात सगळी माहिती भरली. ते ठीक केलंत. पण त्यांना बोलायला कोण शिकवणार? शिकवलं नाही म्हणून त्या बरळताहेत. प्रत्येक वस्तूला दोन भाषा यायला हव्यात. एक दारची, पाहुण्याशी बोलायची. थोडक्यात, नीटनेटकी, सिस्टरना एका नजरेत कळेल अशी. आणि एक घरची. ती आपल्याआपल्यात. पोटात आहे ते सगळं ओकायचं, चुकून एखादी मोकळी जागा जास्त पडली असेल तर तीसुद्धा. बिघाड शोधणाऱ्याला घरची लागते. आणि या दोघींची सरमिसळ केलीत तर पस्तावाल."

ही शेवटची ताकीद तिने टेबलावर बोट आपटून दिली होती. ती पुढे तिच्याच अंगावर येणार होती, पण ते तेव्हा कोणाला माहीत असणार? दुसऱ्या दिवसापासून ती दुभाषीबाई झाली.

खरं म्हणजे ही अक्कल तिच्या वडिलांची. ते घड्याळं दुरुस्त करायचे. गिऱ्हाइकाला द्यायच्या पावतीवर ते लिहीत, "साफसफाई, गुरुवारी मिळेल." आणि घड्याळाच्या मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक कोरत, "तोलचक्राचा आस झिजलेला. आधीच्याने तेल जास्त घातलंय. तारीख अमुक." गिऱ्हाइकाला आस-बीस सांगून काय करायचंय, ते म्हणत, पण पुढच्या कारागिराने झाकण उघडलं तर त्याला खरं कळायला हवं. एकदा त्यांनी स्वतःच एक चक्र उलटं बसवलं होतं, तर तेही त्यांनी आत कोरून ठेवलं होतं. लहानपणी भिंग डोळ्याला लावून तिने ते वाचलं तेव्हा तिला हसू फुटलं होतं. बाबा मात्र हसले नव्हते.

तर अशा या बाईच्या खोलीत एका मंगळवारी दुपारी चौथ्या मजल्यावरच्या सिस्टर आल्या.

या सिस्टर म्हणजे लहान मुलांच्या वॉर्डाच्या खांबासारख्या. बावीस वर्षं नोकरी, चष्मा दोरीने गळ्यात, आणि आवाज असा की भेटायला आलेले नातेवाईक वेळ संपायच्या आधीच उठत. त्या दिवशी अंगात गणवेश नव्हता. साध्या कपड्यांत त्या कोणीतरी दुसऱ्याच वाटत होत्या. दारात उभ्या राहून त्यांनी विचारलं, "बाई, एकदा छापलेली चिठ्ठी यंत्रात परत बघता येते का हो?"

दुभाषीबाईने खुर्ची पुढे केली. काय झालं होतं ते तिच्याही कानावर आलेलं होतं, पण तुकड्यातुकड्यांनी. सिस्टरनी ते सरळ सांगितलं.

चार नंबरच्या खाटेवर नऊ महिन्यांचं बाळ होतं. त्याला जे औषध चालू होतं ते रक्तात साचतं, म्हणून रोज रक्त तपासून मगच द्यायचं. सोमवारी सकाळी सहाला चिठ्ठी निघाली होती: सोमवार, सकाळी आठ दहा, दोन मिली. साडेसातला रक्ताचा अहवाल आला आणि त्यात औषधाचं प्रमाण जास्त निघालं. डॉक्टरांनी सात पस्तीसला संगणकावर तो डोस एक दिवस पुढे ढकलला. मंगळवार, आठ दहा. डोसच्या नोंदीत काहीही बदललं की यंत्रातून नवी चिठ्ठी आपोआप निघते, आणि नवी आली की जुनी फाडायची, हा वॉर्डाचा नियम. नवी चिठ्ठी निघाली. सिस्टरनी जुनी फाडली. आणि आठ दहाला बाळाला औषध दिलं.

"मी नवीच बघून दिलं," सिस्टर म्हणाल्या. "तिच्यावर सोमवारचीच तारीख होती. आठ दहा होतं. मी दोनदा वाचलं. मी नेहमी दोनदा वाचते."

बाळाला दोन दिवस देखरेखीखाली ठेवायचं ठरलं होतं आणि त्याची तब्येत सुधारत होती. पण सिस्टरना घरी बसवलं होतं. शुक्रवारी अकरा वाजता चौकशी होती. डॉक्टरांची नोंद बरोबर होती, संगणकाने ती बरोबर घेतली होती, मग उरलं कोण? सगळ्यांचं म्हणणं एकच: सिस्टरनी नवी चिठ्ठी फाडली आणि जुनी वापरली. सिरिंज आणि फाटके कपटे कचऱ्यात जाऊन भस्म झाले होते. चौकशीत हेच ठरलं तर परवाना जाणार होता, आणि बावीस वर्षं एका ओळीत निकालात निघणार होती.

"त्या बाळाच्या आईने मला विचारलं, सिस्टर, तुम्ही असं कसं केलंत," सिस्टर म्हणाल्या. "काय उत्तर देणार मी? काल रात्रीपासून मलाच वाटायला लागलंय, मी खरंच चुकीचं वाचलं की काय."

दुभाषीबाईला गलबलून आलं. ती म्हणाली, "शुक्रवारपर्यंत शोधते. यंत्रात गेलेलं काही हरवत नाही." हे वाक्य बोलताना तिला त्याची पक्की खात्री होती. सिस्टर गेल्यावर तिने नोंदवही उघडली, म्हणजे यंत्राने केलेल्या प्रत्येक कामाची यंत्रातच ठेवलेली नोंद, आणि दोन ओळी शोधून काढल्या.

सोमवार, सकाळी सहा: चिठ्ठी छापली. खाट ४, २ मिली, ८:१०.

सोमवार, सकाळी सात पस्तीस: चिठ्ठी छापली. खाट ४, २ मिली, ८:१०.

दोन्ही ओळी अगदी सारख्या. कुठली सोमवारची, कुठली मंगळवारची, काही पत्ता नाही. इथेच घोडं पेंड खात होतं. यंत्राने दोन वेगळ्या वेळा छापल्या होत्या, वेळांच्या पोटात पूर्ण तारखा होत्या, आणि नोंदवहीत मात्र त्या पाहुण्यासारख्या गोड बोलून मोकळ्या झाल्या होत्या. नोंदवही घरच्या भाषेत असायला हवी होती. ती दारच्या भाषेत होती.

आणि ती दारच्या भाषेत कोणी केली? चार वर्षांपूर्वी तपासणीला आलेल्या लोकांना नोंदवही वाचता येईना, म्हणून विभागाच्या साहेबांनी सांगितलं होतं, "बाई, जरा माणसांना कळेल असं छापा की." तिने कुरकुर केली होती. मग म्हटलं, तात्पुरतं करू. या तात्पुरत्याचं पुढे काय होतं हे आपण सगळे जाणतो.

तरीही एक गोष्ट तिला कळेना. दारच्या भाषेतसुद्धा तारीख यायला हवी होती. तिने स्वतःच ती शिकवलेली होती.

बुधवारी सकाळी तिने कंबर कसली. खोलीच्या कोपऱ्यात चाचणीचा संच होता: एक जुना संगणक आणि वॉर्डातल्यासारखंच चिठ्ठीचं यंत्र. तिने खाट नव्व्याण्णव नावाचं एक खोटं बाळ दाखल केलं, त्याला आठ दहाचा डोस लावला, आणि डॉक्टरांनी केला तसा तो एक दिवस पुढे ढकलला. यंत्राने कुरकुरत चिठ्ठी बाहेर काढली. वर छापल्याची तारीख, बुधवार. खाली डोसची वेळ: गुरुवार, ८:१०. स्वच्छ, ठसठशीत. आंधळ्यालाही हाताने चाचपून कळावी अशी.

साहेब तेवढ्यात दारातून डोकावले. साहेब वाईट नव्हते. त्यांना फक्त शांतता आवडायची. चिठ्ठी हातात घेऊन ते म्हणाले, "बघा. आपल्याकडे सगळं बरोबर आहे. मला सिस्टरांचं वाईट वाटतं, पण आपण काय करणार?"

तिने तीच गोष्ट आठ वेळा केली. आठही चिठ्ठ्यांवर गुरुवार. दुपार झाली, डबा तसाच राहिला. सिस्टर चुकल्या असतील, हा विचार तिच्या मनात येऊन गेला, आणि त्यात आपली सुटका आहे हेही तिला जाणवलं. त्या जाणिवेचाच तिला राग आला. आठही चिठ्ठ्या मुठीत धरून ती जिन्याने पाच मजले चढून वर गेली. लिफ्टची वाट बघण्याइतका धीर तिला नव्हता.

वॉर्डात दुपारची शांतता होती. चार नंबरच्या खाटेवर बाळ झोपलं होतं आणि त्याची आई त्याच्या पायाचा अंगठा चिमटीत धरून बसली होती. दुभाषीबाईने तिकडे फार वेळ बघितलं नाही. यंत्राशेजारच्या तबकातल्या दोन-तीन चिठ्ठ्या उचलून तिने आपल्या चिठ्ठीशेजारी धरल्या.

तिच्या चिठ्ठीवर दोन तारखा होत्या. वॉर्डातल्या चिठ्ठीवर एकच होती.

वर छापल्याची तारीख, आणि खाली नुसती वेळ. एक तारीख दिसतेय म्हटल्यावर दुसरी गेली हे कोणाच्या लक्षात येणार? रोज आजच्याच डोसची चिठ्ठी आज निघायची, त्यामुळे वरची तारीख खालच्या वेळेला बरोब्बर लागू पडायची. लागू पडली नाही ती एकदाच. सोमवारी सात पस्तीसनंतर निघालेल्या त्या चिठ्ठीवर छापल्याचा सोमवार होता आणि मंगळवारचं आठ दहा होतं. सिस्टरनी जे वाचलं ते अक्षर न् अक्षर तिथे छापलेलं होतं.

पुढचं उत्तर तिला आता शोधावं लागणार नव्हतं, ते आठवतच होतं. तरी ती खाली आली आणि बदलांची वही उघडली. प्रोग्राममध्ये केलेला प्रत्येक बदल तीत लिहायचा असतो. अठ्ठेचाळीस दिवसांपूर्वी, दुपारी तीन वीस. "वेळेच्या दारच्या भाषेतून तारीख काढली. कारण: मेट्रनबाईंची विनंती, वॉर्डातल्या स्क्रीनवर अक्षरं मोठी हवीत. चाचणी: गरज नाही." आणि खाली तिच्याच नावाची आद्याक्षरं.

मेट्रनबाई म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख. त्या म्हणाल्या होत्या, स्क्रीनवर सगळं आजचंच असतं, तारीख कशाला जागा अडवतेय, वेळ मोठी दिसू द्या. मागणी रास्त होती. बाईने स्क्रीनवर बदल करायचा, तो वेळेच्या वस्तूत केला. एक ओळ. त्या दिवसापासून वेळ जिथे जिथे तोंड उघडायची, तिथे तारीख गिळायला लागली: स्क्रीनवर, चिठ्ठीवर, आणि नोंदवहीतसुद्धा. एवढ्याशा बदलाला चाचणी कसली करायची म्हणून तो चाचणीच्या संचावर चढवलाच नव्हता. म्हणून तो संच आठ वेळा इमानदारीने गुरुवार छापत राहिला.

सोळा वर्षं जिने दुसऱ्यांना दोन भाषांचे धडे दिले, तिच्याच घरात दोन्ही भाषा एक झाल्या होत्या. आणि बोलणाऱ्याचं पाप वाचणाऱ्याच्या माथी बसलं होतं.

पहिलं काम तिने केलं ते वॉर्डाचं. तारीख त्या क्षणी परत घातली, वर फोन करून ड्यूटीवरच्या सिस्टरना तबकातल्या सगळ्या चिठ्ठ्या फाडून नव्या काढायला लावल्या, आणि त्या नव्या चिठ्ठ्यांवर काय छापलंय ते फोनवरच मोठ्याने वाचून घेतलं. मग तिने उलटं काम केलं. अठ्ठेचाळीस दिवसांपूर्वीचा तो बदल मुद्दाम चाचणीच्या संचावर चढवला आणि खाट नव्व्याण्णवचा डोस पुन्हा पुढे ढकलला. चिठ्ठी निघाली: बुधवार, ८:१०. शेजारच्या पडद्यावर तिने तीच वेळ घरच्या भाषेत बोलायला लावली. पूर्ण वर्ष, महिना, गुरुवार, आठ वाजून दहा मिनिटं शून्य सेकंद, कोणी लावली, कोणी बदलली, केव्हा बदलली. पोटात सगळं होतं.

गुरुवारी सकाळी तिने हे सगळं साहेबांपुढे मांडलं. साहेबांनी दार लावून घेतलं.

"आता वॉर्डात चिठ्ठी नीट निघतेय ना?"

"निघतेय."

"मग झालं की. मी उद्या सांगतो, नोंदींवरून काही निश्चित सांगता येत नाही. ते खोटंही नाही. संशयाचा फायदा मिळेल, सिस्टरांना ताकीद देऊन कामावर घेतील. परवाना वाचतोय, अजून काय पाहिजे?"

"ताकीद कशाची?"

"वाचण्यात चूक झाल्याची."

"साहेब, त्यांनी वाचण्यात चूक केलेली नाही. वाचलं त्यांनी बरोबर. लिहिलं मी चुकीचं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाई, तुम्हाला कळतंय का? बाळाला जास्त औषध गेलंय. खापर फोडायला त्यांना डोकं हवंच आहे. तुम्ही आपण होऊन आपलं पुढे करताय."

"कळतंय," ती म्हणाली. कळत नव्हतं असं नाही.

त्या संध्याकाळी तिने घरी सांगितलं. नवरा पुस्तकं बांधायच्या कारखान्यात होता. त्याच्या बोटांना कायम खळ लागलेली असायची. तो म्हणाला, "अगं, नोकरी गेली तर?" तिने सांगितलं, जाऊ शकते. तो बराच वेळ बोटांवरची खळ खरवडत बसला. सासूबाई पलंगावर बसून गोळ्यांची डबी उघडत होत्या. त्यांना ऐकू कमी यायचं, पण नको ते बरोबर ऐकू यायचं.

"त्या नर्सला माहीत आहे का, चूक तुझी आहे ते?" त्यांनी विचारलं.

"नाही, आई. उद्या कळेल."

"म्हणजे आजची रात्र ती स्वतःलाच दोष देत पडणार," सासूबाई म्हणाल्या आणि गोळी गिळली.

दुभाषीबाई उठली आणि तिने सिस्टरना फोन लावला. फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. चौकशीची बातमी पसरल्यापासून सिस्टर फोन घेत नाहीत, असं वॉर्डात फोन केल्यावर तिथल्या एकीने सांगितलं. घर कुठे आहे हे मात्र तिलाही माहीत नव्हतं. बाईला उशिरापर्यंत झोप लागली नाही.

शुक्रवारी पावणेअकराला ती चिठ्ठ्यांचं यंत्र आणि संगणक एका चाकांच्या गाडीवर घालून दुसऱ्या मजल्यावर निघाली. ती गाडी एरवी चादरींची. एक चाक वाकडं होतं, त्यामुळे सबंध व्हरांडाभर खडखडाट झाला. चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर सिस्टर बसल्या होत्या. दुभाषीबाई त्यांच्यापुढे थांबली.

"सिस्टर, तुम्ही बरोबर वाचलं होतं. चिठ्ठी चुकीची होती. ती मी चुकवली."

सिस्टरनी वर बघितलं. त्यांना ते नीट पोचलं की नाही कोण जाणे, कारण तेवढ्यात आतून बोलावणं आलं.

टेबलामागे तिघं होते: रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टरबाई, मेट्रनबाई आणि कार्यालयाचे एक अधिकारी. बाजूला तो डोस पुढे ढकलणारे डॉक्टर बसले होते, आणि त्यांच्या पलीकडे साहेब, छताकडे बघत. प्रमुखांनी गाडीकडे बघून विचारलं, "हे काय?"

"सांगण्यापेक्षा दाखवते," दुभाषीबाई म्हणाली. तिने डॉक्टरांना संगणकापाशी बोलावलं. "डॉक्टर, सोमवारी तुम्ही जे केलंत तेच करा. मी कशाला हात लावत नाही."

डॉक्टरांनी खाट नव्व्याण्णवचा आठ दहाचा डोस दुसऱ्या दिवसावर ढकलला. यंत्र कुरकुरलं, चिठ्ठी निघाली. बाईने ती फाडून थेट प्रमुखांच्या हातात दिली. "मोठ्याने वाचाल का? डोस कधी द्यायचा?"

प्रमुखांनी चिठ्ठी जवळ धरली, मग लांब धरली. "शुक्रवार," त्या वाचू लागल्या, "म्हणजे आज. आठ दहा."

"डॉक्टरांनी तर उद्याचा लावलाय," दुभाषीबाई म्हणाली.

प्रमुखांनी चिठ्ठी अधिकाऱ्यांना दिली, त्यांनी मेट्रनबाईंना. प्रत्येकाने ती वाचली आणि प्रत्येकाने शुक्रवार वाचला. चौथे वाचणारे डॉक्टरच होते, आणि त्यांचा चेहरा उतरला. मग दुभाषीबाईने पडद्यावर घरच्या भाषेतली ओळ दाखवली, तीत शनिवार होता; आणि बदलांच्या वहीतलं ते पान टेबलावर ठेवलं.

"ही आद्याक्षरं कोणाची?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"माझी. चाचणीची गरज नाही, हेही मीच लिहिलंय."

मेट्रनबाईंनी पान वाचलं आणि घसा साफ केला. "तारीख काढा असं मी म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. त्यांना ते सोपं गेलं नव्हतं, हे दिसत होतं.

"तुम्ही स्क्रीनवरची म्हणालात, मेट्रनबाई. मी सगळीकडची काढली. आणि नोंदवहीतून सत्य कळलं असतं, ती वाटही मीच चार वर्षांपूर्वी बुजवली होती."

साहेबांनी छतावरची नजर खाली आणली. "ती मी सांगितलं म्हणून बुजवली," ते म्हणाले. शांतता आवडणाऱ्या माणसाने शांतता मोडली, याची नोंद करायला हवी.

निकाल लागायला तासभर लागला. सिस्टर निर्दोष, सोमवारपासून कामावर. दुभाषीबाईला लेखी ठपका आणि दोन वर्षं बढती बंद. नोकरी राहिली. बाळाच्या आईला स्वतः भेटून सगळं सांगायची परवानगी तिने मागून घेतली, आणि ती भेट तिला ठपक्याहून कितीतरी जड गेली. आई ऐकून घेत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं, "आता परत नाही ना होणार?" दुभाषीबाईने हो-नाही न म्हणता तिला यंत्रापाशी नेलं आणि नव्या चिठ्ठीवरच्या दोन्ही तारखा बोट ठेवून दाखवल्या.

व्हरांड्यात सिस्टर तिची वाट बघत होत्या. त्यांनी हात पुढे केला.

"ती चिठ्ठी द्या मला. आत सगळ्यांनी वाचली ती."

तिने दिली. सिस्टरनी दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग त्या भिंतीला टेकल्या आणि रडायला लागल्या. "चार रात्री," त्या म्हणाल्या. "चार रात्री मी तीच चिठ्ठी डोळ्यांपुढे आणून वाचत होते." दुभाषीबाई शेजारी उभी राहिली. माफ करा म्हणायचं तिने ठरवलं होतं आणि ती ते म्हणाली. सिस्टरनी मान हलवली, पण ती होकाराची होती की नुसती ऐकल्याची, ते तिला कळलं नाही, आणि तिने विचारलंही नाही.

कार्यालयाने बाहेर जे पत्रक लावलं त्यात लिहिलं होतं, "तांत्रिक कारणामुळे उद्भवलेला गैरसमज दूर झाला आहे." पाहुण्यांसाठी ते ठीकच होतं. दुभाषीबाईने तळघरात जाऊन प्रोग्राममधली ती ओळ उघडली. नोंदवहीला परत घरची भाषा दिली. आणि ओळीच्या वर, यंत्र वाचत नाही पण पुढचा कारागीर वाचतो त्या जागेत, लिहून ठेवलं: "इथली तारीख मी एकदा काढली होती. चाचणी केली नाही. एका बाळाला औषध जास्त गेलं आणि बरोबर वाचणाऱ्या सिस्टरवर आळ आला. इथे हात लावणाऱ्याने आधी चिठ्ठी छापून बघावी." खाली तारीख आणि आद्याक्षरं. मग तिने डबा उघडला.

सोमवारी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी तळघरातला फोन वाजला. पलीकडे चौथ्या मजल्यावरचा तो दणदणीत आवाज होता. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"पहिली चिठ्ठी. छापली सोमवार. खाट दोन. एक मिली. डोस सोमवार, सात तीस. तुझ्याकडे काय आहे?"

दुभाषीबाईने नोंदवहीतली शेवटची ओळ शोधली आणि घरच्या भाषेत होती तशी, वर्षापासून सेकंदांपर्यंत, एकही अक्षर न गाळता वाचून दाखवली.

"जुळतंय," सिस्टर म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मंगळवारी सात वाजून पाच मिनिटांनी तो पुन्हा वाजला, आणि बुधवारी. सिस्टरांची ड्यूटी असेल त्या प्रत्येक सकाळी तो वाजतो. दुभाषीबाई सात वाजताच नोंदवही उघडून बसलेली असते.